दारापासून मातीपर्यंतची दहा मिनिटं

प्रश्न असा आला आहे: "आमच्या सोसायटीत 180 फ्लॅट आहेत. कुत्री 22, मांजरं किती ते कुणालाच ठाऊक नाही. गेल्या सर्वसाधारण सभेत कुत्र्यांना लिफ्टबंदी करायचा ठराव आला आणि दोन तास नुसतं भांडण झालं. मी सेक्रेटरी आहे. माझ्याकडे कुत्रा नाही, पण कुणावर अन्यायही करायचा नाही. सोसायटीने काय करावं, आणि नगरसेवकाकडे काय मागावं?"

मी पुण्यात 24 वर्षं लहान प्राण्यांची डॉक्टर म्हणून काम करते आहे. कुणी कुत्रं घेऊन आलं आणि दुखणं नीट उलगडेना, की मी मालकांना एकच प्रश्न विचारते. सकाळी घराचं दार उघडल्यापासून कुत्र्याने शू करेपर्यंत काय काय होतं ते क्रमाने सांगा. निम्मे आजार, निम्म्या वाईट सवयी आणि शेजाऱ्यांशी झालेली जवळजवळ सगळी भांडणं त्या दहा मिनिटांत सापडतात. तुमच्या सोसायटीचंही तसंच असणार. म्हणून उत्तरही त्याच वाटेने देते: लिफ्ट, गेट, रस्ता, माती.

लिफ्टपासून सुरुवात करू, कारण तुमचं भांडण तिथलं आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये पाळीव आणि भटक्या कुत्र्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राणी ठेवायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. म्हणजे तो ठराव मंजूर झाला असता, तरी तुमच्या हाती कागदाशिवाय काही लागलं नसतं. पण मला कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. माझ्याकडे अकरा वर्षांचा एक लॅब्राडॉर यायचा. सोसायटीने लिफ्ट बंद केली म्हणून तो दिवसातून तीन वेळा सातव्या मजल्यावरून जिन्याने उतरायचा आणि चढायचा. त्याचे खुबे आधीच झिजलेले होते. पावसाळ्यात तो उतरेनासा झाला, मग मालक त्याला दिवसातून एकदाच खाली नेऊ लागले. शू तुंबवून त्याला मूत्राशयाचा संसर्ग झाला आणि तो घरात जागोजागी शू करू लागला. शेवटी खालच्या मजल्यावरचे लोक वासाची तक्रार घेऊन वर आले. लिफ्टबंदीने त्या इमारतीतला त्रास कमी झाला नाही, तो फक्त एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेला.

तरी ज्यांनी ठराव आणला त्यांची भीती खरी आहे, आणि श्वानप्रेमी माणसं ती फार सहज झटकून टाकतात. "काही करत नाही तो" हे वाक्य मी माझ्या दवाखान्यात कुणाला बोलू देत नाही. चार फुटांच्या मुलाच्या तोंडासमोर जर्मन शेफर्डचं तोंड येतं, तेव्हा तो काही करतो की नाही हा प्रश्नच नसतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना चावा लागत नाही, एक उडी पुरते. म्हणून नियम बंदीचा करू नका, वागण्याचा करा. लिफ्टचं दार उघडलं की आधी आतल्या माणसाला विचारायचं, "येऊ का?" नाही म्हटलं की पुढच्या लिफ्टची वाट बघायची, त्यात अपमान मानायचा नाही. आत कुत्रा कोपऱ्यात आणि मालक त्याच्या व लोकांच्या मध्ये. पट्टा हातभर लांबीचा. लांब होणारा, चक्रीत गुंडाळला जाणारा पट्टा इमारतीत नको. तो दारात अडकून जखमी झालेली कुत्री मी पाहिली आहेत. मालवाहू लिफ्ट असेल तर कुत्रेवाल्यांनी ती आपणहून वापरावी. गर्दीच्या वेळा, म्हणजे शाळेची बस येते ती वीस मिनिटं, परस्पर ठरवून टाळता येतात.

आता गेट. तुमच्या प्रश्नात भटक्या कुत्र्यांचा उल्लेख नाही, पण पाळीव कुत्र्याचा दिवस ठरवतात ती गेटबाहेरचीच कुत्री. पट्ट्याला बांधलेला कुत्रा पळून जाऊ शकत नाही आणि हे त्याला कळतं, म्हणून तो आधीच भुंकतो. समोरची टोळी आपली हद्द राखायला धावते. मालक घाबरून पट्टा ओढतो आणि कुत्र्याला वाटतं, मालकही लढाईला तयार आहे. चार दिवस असं झालं की तो कुत्रा लिफ्टमधून उतरतानाच गुरगुरायला लागतो. मग सोसायटीत त्याचं नाव "चावरा" पडतं.

यावर खात्रीचा उपाय एकच, गेटबाहेरची टोळी स्थिर आणि ओळखीची होणं. नसबंदी झालेली, लस टोचलेली, तीच ती पाच-सहा कुत्री एका जागी राहिली की ती तुमच्या 22 कुत्र्यांना वासाने ओळखू लागतात. नसबंदीमुळे माजाच्या काळातल्या मारामाऱ्या थांबतात आणि दर सहा महिन्यांनी पिल्लांची नवी भरती होत नाही. उलट ती कुत्री उचलून नेली, की कचरा आणि शिळं अन्न तसंच राहतं आणि त्यावर नवी, बिनलसीची, बिचकणारी कुत्री येतात. मारून टाकण्याचा मार्ग तर आपल्याकडे फार जुना आहे. 1832 मध्ये मुंबईत इंग्रज सरकारच्या माणसांनी कुत्री मारली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. कुत्री संपली नाहीत. रेबीजचं गणित वेगळं आहे: परिसरातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. म्हणजे तुमच्या गेटबाहेर दहा कुत्री असतील तर किमान सातांना दर वर्षी लस मिळते की नाही, हे पाहणं सोसायटीच्या थेट फायद्याचं आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडलेली असते. वॉचमनला ती ओळखायला शिकवा आणि ज्याचा कान अखंड आहे त्याची नोंद ठेवायला सांगा.

खायला घालणाऱ्यांशी भांडू नका, त्यांना जागा द्या. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशी जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनेवरही आहे. ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या दारापासून लांब हवी, आणि वेळ मुलं व वृद्ध कमी असतील अशी. सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशातही प्रत्येक प्रभागात खाऊ घालण्याच्या ठरावीक जागा करायला सांगितलं आहे. माझा अनुभव असा की गेटसमोर पोळ्या टाकणाऱ्या काकूंना कुणी तरी एकदा शांतपणे मागच्या भिंतीजवळ जागा दाखवून दिली, भांडं आणि पाणी ठेवलं, की पंधरा दिवसांत टोळी तिथे सरकते. कुत्री माणसांपेक्षा लवकर वेळापत्रक पाळतात.

रस्त्याबद्दल थोडक्यात. पुण्यात एप्रिलमध्ये पंजाचे तळवे भाजलेली कुत्री दर आठवड्याला माझ्याकडे येतात. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याला त्यावर चालवू नका. सकाळी साडेसातच्या आत आणि संध्याकाळी रस्ता निवल्यावर न्या. महापालिकेकडे मागायचं असेल तर फुटपाथच्या कडेला मातीची सलग पट्टी मागा. झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले की झाडही गुदमरतं आणि कुत्र्यालाही टायरशिवाय काही उरत नाही. गाडीच्या टायरवर शू झाली म्हणून होणारं भांडण तुम्हाला माहीत असेलच.

आणि आता माती. हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण सभेतला राग बहुतेक वेळा शीवरचा असतो, कुत्र्यावरचा नसतो.

कुत्र्याची शी जमिनीवर पडून राहिली तर त्यातून जंत पसरतात. गोल जंतांच्या अंड्यांना रोग पसरवण्याजोगं होण्यासाठी दोन-तीन आठवडे लागतात. आकडेकृमींच्या अळ्यांना आठवडाभर पुरतो, आणि त्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. म्हणजे शी त्याच दिवशी उचलली तर हा धोका जवळजवळ संपतो. पंधरवड्यातून एकदा माळ्याने झाडण्याचा काही उपयोग नाही. उचलायचं काम मालकाचं. हाउसकीपिंगच्या मावशींचं नाही, वॉचमनचं नाही. हे सभेच्या इतिवृत्तात याच शब्दांत लिहून घ्या. न उचलणाऱ्याला दंड लावायचा असेल तर तो सगळ्या कुत्रेवाल्यांनी आपल्याच बैठकीत ठरवावा. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी ठरवलेला नियम टिकतो. न्यूयॉर्कमध्ये 1978 मध्ये मालकाने शी उचललीच पाहिजे असा कायदा झाला तेव्हा लोकांनी तो अशक्य ठरवला होता. आज तिथे रस्त्यावर कुत्र्याच्या मागे उभा असलेला माणूस खिशात पिशवी घेऊनच उभा असतो.

उचललेल्या शीचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात उचला, घरी नेऊन शी संडासात टाका, फ्लश करा, कागद वेगळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात टाकलीत, तर ती पिशवी कचरा वेचणाऱ्या ताईंना हाताने उघडावी लागते. पुण्यात सॅनिटरी पॅडवर लाल ठिपका करून ती वेगळी द्यायची पद्धत या बायकांनी मोठ्या कष्टाने रुजवली. कुत्र्याच्या शीबाबत आपण त्यांना पुन्हा तिथेच नेऊन सोडू नये. सोसायटीच्या खतखड्ड्यातही ती घालू नका. तिथलं तापमान जंतांची अंडी मारण्याइतकं वाढेलच याचा भरवसा नसतो, आणि ते खत पुढे कढीपत्त्याला जातं.

त्याहून बरं म्हणजे सोसायटीत एक ठरलेली जागा करा. दहा बाय पंधरा फूट पुरते. मागच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीपासून आणि मुलांच्या घसरगुंडीपासून लांब, सकाळचं ऊन येईल अशी. खाली खडीचा थर, वर वीतभर जाड वाळू, पाणी एका बाजूला उतरेल असा उतार. मध्ये एक लाकडी खांब रोवा, नर तिथेच पाय वर करतील आणि तुमचे खांब-टायर वाचतील. वरून पत्र्याची शेड हवीच, नाहीतर पावसाळ्यात त्याचं डबकं होतं. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या आणि कुत्र्यांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतो, म्हणून त्या जागेत पाणी साचू देऊ नका आणि सगळ्या कुत्र्यांना लेप्टोची लस दर वर्षी द्या. वाळू रोज पाण्याने भिजवा, वरचा थर दर काही महिन्यांनी बदला. फिनेल ओतू नका. त्यातली द्रव्यं मांजरांना विषासारखी आहेत, कुत्र्यांचे पायही पोळतात, आणि त्या उग्र वासाने कुत्री तिथे जायचीच सोडतात. मग पुन्हा पार्किंग. मुलांच्या खेळातल्या वाळूवर मात्र रात्री ताडपत्री घाला, मांजरं तिला आपली जागा समजतात.

मांजरांचं इतकंच सांगते की गॅलरी बंद करा. पावसाळ्याच्या आधीच्या महिन्यांत, खिडक्या उघड्या असताना, वरून पडलेली मांजरं येतात. जबडा फाटलेला, छाती दबलेली, पुढचे पाय मोडलेले. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1987 मध्ये अशा 132 मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. उपचार मिळालेल्यांपैकी 90 टक्के वाचली. लोक हा आकडा ऐकून निश्चिंत होतात, पण जी जागीच गेली ती दवाखान्यात आलीच नव्हती. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडतं. स्टीलची बारीक जाळी लावा, आणि सोसायटीने "इमारतीचा दर्शनी भाग बिघडतो" म्हणून ती अडवू नये. सिंगापूरचं उदाहरण तुमच्या सभेत जरूर सांगा. तिथे बहुसंख्य लोक सरकारी उंच इमारतींत राहतात, आणि त्या घरांत मांजर पाळायला अनेक दशकं बंदी होती. लोक लपून पाळतच होते. 1 सप्टेंबर 2024 पासून बंदी उठली. आता परवाना आणि कातडीखाली बसवायची ओळखीची मायक्रोचिप लागते, आणि एका घरात दोन मांजरांपर्यंत ठेवता येतात. इतकी काटेकोर शिस्त असलेल्या शहरालाही शेवटी बंदीपेक्षा नोंद उपयोगाची वाटली.

नोंदीवरून परवान्याकडे येते. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना फार थोडे लोक काढतात. तुम्ही सेक्रेटरी म्हणून एक रविवार ठरवा, डॉक्टरला बोलवा, 22 ही कुत्र्यांची रेबीजची लस, परवाना आणि मायक्रोचिप एकाच दिवशी करून टाका. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि त्यात 15 आकडी क्रमांक असतो. दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेला कुत्रा त्यावरून घरी परत येतो. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबरही हवाच, कारण रस्त्यावरच्या माणसाकडे चिप वाचायचं यंत्र नसतं. आणि नोटीस बोर्डावर एक ओळ कायमची लावा: चावा लागला, ओरखडा उठला, मग कुत्रा घरचा असो की रस्त्यावरचा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही.

मालकांच्या बेपर्वाईला कायदा आहे हेही त्यांना माहीत असू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे आपल्या ताब्यातल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पट्ट्याशिवाय कुत्रा सोडणाऱ्याला हे एकदा शांतपणे वाचून दाखवा.

नगरसेवकाकडे काय मागायचं? "डॉग पार्क द्या" एवढंच मागितलंत तर जागेअभावी ते पडून राहील. हैदराबादमध्ये कोंडापूरला महापालिकेने 2018 मध्ये खास कुत्र्यांसाठी 1.3 एकरचं उद्यान उघडलं, तेही पूर्वी कचरा टाकला जायचा त्या जागेवर. असं काही तुमच्या प्रभागात शक्य असेल तर उत्तमच. पण आधी वेळ मागा. आपल्या बहुतेक उद्यानांच्या दारावर पाळीव प्राण्यांना प्रवेश नसल्याची पाटी असते. न्यूयॉर्कच्या अनेक उद्यानांत ठरलेल्या भागात सकाळी उघडल्यापासून 9 पर्यंत आणि रात्री 9 नंतर बंद होईपर्यंत कुत्र्यांना मोकळं सोडता येतं. अट एवढीच की परवाना आणि रेबीजची लस हवी. आपल्याकडे इतका मोठा वेळ नको, सकाळी 6 ते 7 आणि एक कुंपण घातलेला कोपरा पुरेल. एक दार उघडलं तरी दुसरं बंद राहील अशी दोन दारांची रचना, पाण्याचा नळ, लहान कुत्र्यांसाठी वेगळा भाग. आत येताना परवाना दाखवायचा. परवाना का काढावा, याचं कारण लोकांना तिथे मिळेल; आज ते कुणाकडे नाही.

दुसरी मागणी रात्रीची. रात्री दोन वाजता पोट फुगून तडफडणाऱ्या कुत्र्याला घेऊन लोक शहरभर फिरतात. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडतो तेव्हा हातात काही तासच असतात. मुंबईला परळचं प्राण्यांचं जुनं रुग्णालय आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं 2024 मध्ये सुरू झालं. प्रत्येक मोठ्या शहरात महापालिकेने निदान एक तरी दवाखाना रात्रभर उघडा ठेवावा, मग तो खाजगी डॉक्टरांच्या पाळ्या लावून का असेना. मी स्वतः अशा पाळीला यायला तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखीही पुष्कळ जण येतील.

तिसरी मागणी कुणी सभेत बोलत नाही. कुत्रं गेल्यावर त्याला न्यायचं कुठे? बारा वर्षं घरात वाढलेल्या जिवाला घेऊन माणसं पहाटे नदीकाठी खड्डा खणताना मी पाहिली आहेत. पावसाळ्यात ते खड्डे उघडे पडतात. मुंबई महापालिकेने 2023 मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली. तुमच्या शहरात अशी सोय नसेल तर ती लेखी मागा, आणि पत्रावर कुत्रे नसलेल्या घरांच्याही सह्या घ्या. अशा पत्राची दखल लवकर घेतली जाते.

आधी मात्र वाळूची जागा करा, कारण तिच्यासाठी नगरसेवकाची वाट बघावी लागत नाही. ती तयार झाली की पहिल्या दिवशी 22 च्या 22 कुत्री एकदम नेऊ नका. एखादा वयस्क, शांत, घराबाहेर शू करायची पक्की सवय असलेला कुत्रा निवडा आणि दोन-तीन दिवस फक्त त्यालाच सकाळी तिथे न्या. त्याचा वास खांबाला बसू द्या. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, एकेक करून. झाल्याबरोबर तिथल्या तिथे खाऊ द्या, घरी परतल्यावर नाही. सोसायटीतल्या पिल्लांना हे शिकायला साधारण पंधरा दिवस लागतात.